लाकूड आणि पत्र्याच्या जोडावरची पुट्टी दर उन्हाळ्यात का तडकते?

दसऱ्याला पूजा करून बाहेर काढलेली गाडी होळीच्या सुमारास परत येते. रंग अजून चकचकीत, कुठे खरचटलेलं नाही. फक्त जिथे सागाची फळी पत्र्याला भिडते तिथे केसाएवढी सरळ चीर. पेंटर ती खरवडून पुन्हा पुट्टी भरतो, टचअप मारतो, गाडी जाते. पुढच्या होळीला तीच चीर, त्याच जागी. मालक म्हणतो पुट्टी हलकी वापरली, पेंटर म्हणतो सुताराने ओलं लाकूड बसवलं, सुतार म्हणतो पत्राच पातळ, थरथरतो. तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य असतं, पण भांडून चीर बुजत नाही.

नाशिकच्या अंबड, सातपूर, आडगाव नाका या भागात फूड व्हॅन, कॅराव्हॅन, लाकडी हौद्याचे पिकअप, मिरवणुकीचे रथ अशी कामं करणाऱ्यांना हे नवीन नाही. सिंहस्थ तोंडावर आहे, लाकूडकाम केलेल्या गाड्यांची विचारणा वाढेल आणि तिच्या पाठोपाठ ही तक्रारही येईल. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: पुट्टी खड्डा भरायला असते, जोड धरायला नसते. जोड धरण्याचं काम बोल्टचं आणि चिकटवणाऱ्या मालाचं. हे दोन्ही नीट नसेल तर वर कितीही महागाची पुट्टी भरा, ती तडकणारच.

आधी खपली काढून बघा

ग्राइंडर चालू करण्याआधी पटाशीच्या टोकाने जोडावरची नखाएवढी पुट्टी उचला आणि उलटी करून उजेडात धरा. नव्वद टक्के निदान तिथेच होतं.

पाठ गुळगुळीत आणि खालचा पत्रा चकचकीत दिसला, तर ती पुट्टी तिथे कधी चिकटलीच नव्हती. पत्रा नुसता पुसला, घासला नाही; किंवा घासला पण ज्या कापडाने गिअरबॉक्स पुसला त्याच कापडाने वर थिनर फिरवला. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा असेल तरी हेच दिसतं. साधी पॉलिएस्टर पुट्टी जस्तावर भरवशाने बसत नाही, मध्ये इपॉक्सी (दोन भाग मिसळून वाळणारी राळ) प्रायमर लागतोच.

पाठीवर तांबूस गंज आला असेल तर पाणी आतून शिरतंय. वरून पुट्टी भरून काही होणार नाही. पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक वेळा ते चिरेतून आलेलं नसतं, वरच्या रिव्हेटच्या भोकातून किंवा फळीच्या उघड्या टोकातून झिरपत खाली आलेलं असतं.

पाठीवर लाकडाचे तंतू चिकटून आले असतील तर पेंटरला शाबासकी द्या. पकड उत्तम होती, लाकूडच फाटलं. म्हणजे जोड हलतोय, आणि इतका हलतोय की काहीतरी फाटणं भागच होतं.

खपली नखाने दबली किंवा तिची भुकटी झाली तर हार्डनरचं, म्हणजे पुट्टी कडक करायला तिच्यात मिसळतात त्या मालाचं, माप चुकलंय. याविषयी पुढे लिहिलंय.

खपली बघून झाली की चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांच्या जुडीने) फट मोजा आणि तारीख टाका. एप्रिलमध्ये उघडणारी आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटणारी चीर ही लाकडाच्या हालचालीची. जी कधीच मिटत नाही, नुसती लांबत जाते, ती ढिल्या बोल्टची किंवा थरथरणाऱ्या पत्र्याची. तिथे हाताने जोरात दाबून बघा, रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट पावडर दिसते का तेही बघा. दिसली तर रिव्हेट भोकात हलतोय. सरळ चीर नसून जाळीदार बारीक चिरा असतील, तर जोडाचा प्रश्नच नाही, पुट्टीचा थर जाड झालाय. पॉलिएस्टर पुट्टी एका जागी ३ ते ५ मिमीच्या वर गेली की ती आपल्याच ताणाने फुटायला लागते. उरलेल्या भागावर नाण्याने टकटक करत जा. भद्द आवाज आला तिथे पुट्टी सुटलेली आहे, मग वरचा रंग कितीही शाबूत असो.

लाकूड किती हलतं, याचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण हा हिशोब एकदा कागदावर मांडला की पेंटर-सुताराचं भांडण मिटतं.

लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं-आकसतं, पत्रा उष्णतेने लांबतो-आखडतो. सागवान हे कमी हलणारं लाकूड समजलं जातं, तरी हिरव्या ओंडक्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. ही हालचाल लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होते. म्हणजे ओलावा १ टक्का बदलला की सपाट कापलेली फळी रुंदीत ०.१९ टक्के बदलते.

आता ३०० मिमी रुंदीची फळी घ्या. ऑगस्टमध्ये तिच्यात १५ टक्के ओलावा धरू, एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ८ टक्के. फरक ७ टक्क्यांचा. सात गुणिले ०.१९, म्हणजे १.३३ टक्के. ३०० मिमीवर ते ४ मिमी झाले. फळी मधोमध बोल्टने धरली असेल तर प्रत्येक कडेला २ मिमी.

पत्र्याचं बघा. लोखंड दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. गडद रंगाचा २ मीटरचा पत्रा डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला आणि मेच्या दुपारी उन्हात ६५ अंशाला असेल तर फरक ५५ अंशांचा, वाढ १.३ मिमी. ॲल्युमिनियम असेल तर जवळपास दुप्पट.

आणि मधल्या फटीत आपण काय भरतो? पॉलिएस्टर राळ, शंखजिऱ्याची पूड आणि हार्डनर यांचा कडक दगड. तो एक-दोन टक्क्यांच्या पुढे ताणत नाही. २ मिमीच्या फटीत २ मिमी हालचाल आली म्हणजे शंभर टक्के ताण. कंपनी कुठलीही घ्या, डबा कितीचाही घ्या, हे गणित बदलत नाही.

दसऱ्याची घाई

चीर होळीलाच का येते, हेही यातून कळतं. गिऱ्हाईकाला गाडी दसऱ्याला हवी असते. त्यामुळे लाकूडकाम होतं श्रावण-भाद्रपदात. फळ्या जूनपासून शेडच्या पडवीत पडून हवा पिऊन फुगलेल्या असतात. त्याच रुंदीला आपण त्या मापतो, कापतो, पत्र्याला टेकवतो, फट पुट्टीने बुजवतो. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत फळीला एकच गोष्ट करायची उरते: आकसणं. सगळीच्या सगळी हालचाल फट उघडण्याच्या बाजूने होते.

उलट काम अक्षय्य तृतीयेच्या आधी, ऐन उन्हाळ्यात केलं तर चीर पडत नाही, पण श्रावणात जोडावर वरंबा उठतो. फळी फुगते, पुट्टी वर ढकलते, रंगाची कड उचलली जाते. पातळ पत्रा असेल तर त्याला पोक येतो. घोटी-इगतपुरीकडे किंवा त्र्यंबकला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथल्या लाकडाचा पावसाळा आपल्या सिन्नरच्या लाकडासारखा नसतोच.

माझ्या मते जोडाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. लाकूड तेव्हा मधल्या मापावर असतं, हालचाल दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते. गिऱ्हाईक ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. "अहो शेठ, पाडव्याला घ्या ना गाडी" म्हटलं की शेठ दुसऱ्या वर्कशॉपकडे बघायला लागतो. मग निदान लाकूड तरी आधी आत आणा. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. ओलावा मीटर असेल तर उत्तम, १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय हात लावू नका. नसेल तर त्याच फळीचा एक तुकडा घरच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला मोजा आणि आकडा भिंतीवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की शेडमधल्या हवेपुरतं लाकूड स्थिर झालं.

आणि फार रुंद फळी वापरूच नका. १०० मिमीच्या तीन पट्ट्या, मध्ये खाच ठेवून, ३०० च्या एका फळीपेक्षा कधीही चांगल्या. त्याहून बरा उपाय म्हणजे आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय आणि वर सागाचा पातळ थर. प्लायमध्ये पदर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याची हालचाल फळीच्या मानाने नगण्य. "प्लाय म्हणजे नकली" असं मानणारे जुने मिस्त्री आहेत, पण पत्र्याला जोडायचं असेल तर प्लाय सागापेक्षा जास्त इमानी.

तडकलेल्या गाडीचं काय करायचं

आपल्याकडे एक सर्रास पद्धत आहे: चीर ग्राइंडरने व्ही आकारात खोल करायची आणि पुन्हा पुट्टी ठासायची. वेल्डिंगमध्ये व्ही करतात ते ठीक, तिथे धातू वितळून एकजीव होतो. इथे फक्त दगड जास्त भरला जातो. गाडी महिनाभर छान दिसते, एवढंच.

जोडाच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमीपर्यंत सगळी पुट्टी काढा. खालचे बोल्ट, स्क्रू, रिव्हेट उघडे पडतील. प्रत्येकाला पान्याने हलवून बघा. बहुतेक गाड्यांत लाकडाला पत्र्यावर घट्ट स्क्रूने चारी बाजूंनी जखडलेलं असतं. फळीला हलायला जागाच नाही, म्हणून ती स्क्रूच्या रेषेत फाटते किंवा जोड फाडते. मधला एक बोल्ट घट्ट ठेवा. कडेच्या बोल्टसाठी लाकडातली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, खाली मोठा वॉशर द्या. बोल्ट धरेल, पण फळीला सरकू देईल. लांबट केलेल्या भोकाच्या आतल्या भिंतीला ब्रशने पातळ इपॉक्सी चोपडा, कारण भोकात लाकडाचं टोक उघडं पडतं आणि पाणी तिथूनच सगळ्यात जास्त ओढलं जातं.

स्क्रूबद्दल एक गोष्ट. बाभूळ किंवा सागात साधा लोखंडी स्क्रू मारला की काही महिन्यांत त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती प्रक्रिया आहे. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ते याच टॅनिनमुळे. तो डाग रंगातूनही वर येतो. स्टेनलेसचे स्क्रू घ्या, पैसे जास्त जातात पण काम पुन्हा करावं लागत नाही.

आता फट. हालचाल कमी असेल तर लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, गाडीची पुढची काच ज्याने बसवतात त्या जातीचं. चांगलं सीलंट फटीच्या रुंदीच्या साधारण २५ टक्के हालचाल सहन करतं. म्हणजे १ मिमी हालचालीला फट किमान ४ मिमी हवी. लोक नेमकं उलट करतात. फट जितकी बारीक तितकी चांगली म्हणून दाबून बसवतात आणि मग अर्ध्या मिमीच्या फटीवर सीलंटचा नुसता पापुद्रा ओढतात. फटीच्या तळाशी फोमची दोरी घाला, म्हणजे सीलंट फक्त दोन्ही भिंतींना चिकटेल, तळाला नाही. तळालाही चिकटलं की ते ताणू शकत नाही आणि मधून फाटतं. पीयू हवेतल्या ओलाव्याने वाळतं, दिवसाला साधारण ३ मिमी आत. जाड भरलं असेल तर घाई करून रंग मारू नका, आणि वर मारायचा रंगही लवचीक असेल याची खात्री करा. नाहीतर सीलंट ताणतं आणि रंग तडकतो.

पण वरच्या हिशोबातली २ मिमीची हालचाल घेतली तर सीलंटची फट ८ मिमी करावी लागेल, आणि ती कुणालाच आवडणार नाही. अशा ठिकाणी मी डोळे झाकून पट्टी सुचवतो. जोडावर २५ मिमीची ॲल्युमिनियमची किंवा सागाची पट्टी, आणि खाली सीलंटचा पातळ थर. इथे एकच नियम पाळायचा: पट्टी एकाच बाजूला स्क्रू करायची. पत्र्याला धरली तर लाकडाच्या बाजूने मोकळी. लाकूड तिच्याखाली सरकतं, वरून काहीच दिसत नाही. दोन्हीकडे स्क्रू मारला की पट्टीच वाकते किंवा तिच्या स्क्रूची भोकं लांबट होतात, आणि मग गाडी खडखडायला लागते.

जोड दिसला म्हणजे काम हलकं, हा समज मला पटत नाही. १९५३ ते १९७१ पर्यंत बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या ब्रिटिश गाडीच्या मागच्या भागाचा ॲश लाकडाचा सांगाडा सरळ बाहेर दिसतो, मधले पत्रे त्यात बसवलेले. त्या गाडीची सगळी शान त्या उघड्या जोडांमध्ये आहे. ज्या कारखान्यात रोज गाड्या निघायच्या त्यांनीही लाकूड-पत्र्याचा जोड लपवायचा प्रयत्न केला नाही.

चिकटवायचं कशाने

नवीन काम असेल तर हा प्रश्न आधी येतो. दुकानात जे हाताला लागेल ते वापरण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून एकेकाबद्दल बोलतो.

पांढरा फेव्हिकॉल पत्र्यावर चालत नाही. तो पाणी सोडून वाळतो, लाकूड ते पाणी पितं, पत्रा पीत नाही. रबरी सोल्युशन, म्हणजे कॉन्टॅक्ट जातीचं, अस्तर किंवा सनमायका बसवायला ठीक; पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते मऊ पडतं, वजन धरत नाही. एमसील गळती बंद करायला, छोटी कड बांधायला चांगलं. दोन मीटरचा जोड त्याने धरायचा म्हणजे अंगावर काम घेणं.

छोट्या तुकड्यांसाठी, किंवा प्लाय आणि लोखंडी चॅनल असा कमी हलणारा जोड असेल तर इपॉक्सी. साधं अराल्डाइट मापाने निम्मं-निम्मं, वजनाने १०० ला ८०. काट्यावर वजन करत असाल तर निम्मं-निम्मं घेऊ नका, हा गोंधळ नेहमी होतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं इपॉक्सी असेल तर प्रमाण डब्यावर वाचा. पॉलिएस्टरच्या हार्डनरसारखं "थोडं जास्त टाकू, लवकर वाळेल" हे इपॉक्सीत चालत नाही, जास्तीचा हार्डनर आत तसाच राहतो आणि जोड रबरासारखा होतो.

इपॉक्सी पाण्यासारखं पातळ वापरलं तर उभ्या जागेवरून ओघळतं आणि लाकूड ते शोषून जोड कोरडा पाडतं. म्हणून आधी लाकडाला पातळ इपॉक्सीचा एक हात, आणि तो ओलसर असतानाच भरण घातलेलं घट्ट इपॉक्सी. भरण म्हणून लाकडाची पीठासारखी बारीक पूड सगळ्यात स्वस्त. करवतीचा भुसा नव्हे; बेल्ट सँडरच्या पिशवीतली पूड, कापडातून चाळून, उन्हात वाळवून. श्रीखंडासारखं घट्ट झालं की पुरे, पातीवरून पडता कामा नये पण पसरलं पाहिजे. ओघळणं थांबवायला सिलिका पूड मिळते तीही चांगली. फायबरच्या मालाच्या दुकानात पोकळ काचगोळ्यांची हलकी पूडही मिळते. ती घासायला लोण्यासारखी वाटते म्हणून पेंटर खूश असतात, पण ताकद नाही. वरून आकार द्यायला वापरा, जोडात नको.

जोड दाबताना सगळी शक्ती लावून शिकंजा आवळू नका. इपॉक्सी सगळं बाहेर आलं की आत काहीच उरत नाही. कडेला सारखी बारीक रेघ बाहेर आली की थांबायचं.

मोठ्या, लांब जोडाला मात्र इपॉक्सीपेक्षा पीयूच. तिथे थर ३ मिमीचा राहू द्या, त्यासाठी मध्ये मध्ये ३ मिमी जाडीचे रबराचे तुकडे ठेवा. बोल्ट धरतील, पीयू हालचाल सोसेल आणि पाणी अडवेल.

चिकटवण्याआधीची तयारी

तेल काढा, मग घासा, मग पुन्हा तेल काढा. आधी घासलं तर पेपरच तेल पत्र्यात दाबतो. घासायला ८० नंबरचा पेपर. स्वच्छ झालं का हे बघायला पत्र्यावर पाणी शिंपडा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर स्वच्छ. थेंब-थेंब जमले तर अजून तेल आहे. मग पत्रा पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी, शक्यतो तासा-दोन तासांत काम उरका. पावसाळ्यात उघडा लोखंडी पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर घासल्या घासल्याच परत येतो. तिथे बोटी बांधणाऱ्यांची युक्ती वापरा: पत्र्याला आधी इपॉक्सी चोपडा आणि त्या ओल्या इपॉक्सीतच पेपर फिरवा. घासलेल्या जागेवर हवा पोचायच्या आतच इपॉक्सी बसतं. हातात मोजे घालूनच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की आयुष्यभर जात नाही.

सागाला अंगचं तेल असतं. चिकटवण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं. सागावर थेट पॉलिएस्टर पुट्टी मारली तर वरून कडक होते पण लाकडाला लागलेला थर चिकट राहतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आधी इपॉक्सीचा हात, तो पूर्ण वाळल्यावर घासून मग पुट्टी. पत्र्यावर ॲसिडचा एच (etch) प्रायमर मारून त्यावर पॉलिएस्टर पुट्टी भरू नका, ती सुटते. घासलेल्या उघड्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर भरा.

लाकडाची सगळी अंगं सील करा. दिसणारी बाजू सात थरांनी रंगवायची आणि पत्र्याकडची बाजू कोरी ठेवायची, हा सरसकट दिसणारा प्रकार. कोऱ्या बाजूने ओलावा आत-बाहेर होतो, रंगवलेल्या बाजूने होत नाही, आणि फळी वाकडी होते. टोकांना तर इपॉक्सीचे दोन-तीन हात हवेतच.

पुट्टी कालवणं

१०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. कमी पडला तर पुट्टी मऊ राहते, जास्त झाला तर पांढऱ्या रंगातून पिवळट-लालसर डाग वर येतो. एप्रिलच्या दुपारी ती पाटीवरच वाळायला लागते, म्हणून थोडी थोडी कालवा, हार्डनर कमी करून वेळ मिळवायला जाऊ नका. फेटू नका, पातीने दाबत दाबत कालवा. फेटल्याने हवा शिरते आणि नंतर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. ती एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीने बुजवा, पण एनसी फक्त भोकांपुरतीच. जाड लावलेली एनसी वाळताना खाली बसते. पॉलिएस्टर पुट्टी घासायला पाणी पेपर वापरू नका; आतलं शंखजिरं पाणी धरून ठेवतं आणि उन्हात रंगाला फोड येतात. कोरडंच घासा, तोंडाला मास्क लावून.

थंडीत एक वेगळी अडचण. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशकात पारा एका आकड्यावर येतो, निफाडला तर त्याहून खाली. १० अंशांखाली बहुतेक इपॉक्सी वाळतच नाही, नुसतं पडून राहतं, आणि वर मेणचट थर येतो. तो थर कोमट पाण्याने धुवून मगच पुढचा हात द्या, नुसता घासला तर पेपर तो पसरवतो. सकाळी थंड पत्र्यावर दवही असतं, डोळ्याला दिसत नाही. अकरा वाजल्यानंतर सुरू करा आणि संध्याकाळी जोडाजवळ बल्ब लावून ठेवा, थिनरचे बोळे त्याच्यापासून लांब.

"जोड दिसायलाच नको"

असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटतंच. एकच रंग, लाकूड कुठे संपलं आणि पत्रा कुठे सुरू झाला हे कळायला नको. अशा वेळी सागाला सरळ नाही म्हणा. १८ मिमी मरीन प्लाय, सगळीकडून इपॉक्सीने सील केलेला, बोल्ट आणि इपॉक्सीने पत्र्याला धरलेला. जोडावरून काचेचं कापड इपॉक्सीत, दोन थर, पहिला ५० मिमी आणि दुसरा ७५ मिमीपर्यंत पत्र्यावर गेलेला. कापड पूर्ण वाळल्यावर घासून पातळ पुट्टी, प्रायमर, रंग. रंग शक्यतो फिकट, म्हणजे पत्रा कमी तापेल. जोड मीटरभराच्या आत असेल तर हे टिकतं. त्याहून लांब असेल, छतावर असेल किंवा गडद रंग हवा असेल, तर गिऱ्हाईकाला आधीच सांगा की उन्हात तिरकं बघितल्यावर रेघ दिसेल, आणि ते बिलावर लिहून त्याची सही घ्या. गाडीचा मूळ ढाचा बदलत असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, तीही त्याच वेळी विचारून घ्या. रंग झाल्यावर ढाचा उघडून दाखवायची वेळ आली तर जोडाचं सगळं काम पुन्हा करावं लागेल.